नाव कुणाचं, निस्तरायचं कुणी?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कुणाचं नाव पेपरवर मागे ढकललं गेलंय, कुणाला डोक्यातलं सगळं लिहून द्यायची धास्ती वाटतेय, कुणाला नको त्या कागदावर सही मागितलीय. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. पत्रं छोटी केलीत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : ताई, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रयोग मी केले, रात्र रात्र जागून डेटा मी काढला, पहिला ड्राफ्टपण माझाच. आता गाइड म्हणतात पहिलं नाव लॅबमधल्या सीनियरचं, दुसरं माझं, आणि विभागप्रमुखांचंही नाव टाकायचं कारण मशीन त्यांच्यामुळे आलं. बोलले तर तीन वर्षं पाण्यात जातील अशी भीती वाटते. हे काम माझं नाही का?

विभागप्रमुखांपासून सुरू करू, ते सोपं आहे. मशीन मिळवून दिलं, निधी आणला, एवढ्यावर कुणी लेखक होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिचे निकष मेडिकलच्या बाहेरही बरेच जण मानतात. त्यात चार गोष्टी लागतात आणि चारही लागतात, तीनवर भागत नाही : कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा मसुदा कसून तपासून दुरुस्त करण्यात हात, छापायच्या मसुद्याला शेवटची मंजुरी, आणि उद्या पेपरमधल्या कुठल्याही भागावर कुणी बोट ठेवलं तर त्याचा छडा लावून उत्तर द्यायची तयारी. ही चौथी अट २०१३मध्ये घातली गेली आणि मला विचारशील तर तीच खरी, कारण पहिल्या तिन्हीत मिरवायला मिळतं आणि चौथीत निस्तरावं लागतं. निधी आणणाऱ्यांचे, नुसती देखरेख करणाऱ्यांचे आभार मानायचे, त्यासाठी पेपरच्या शेवटी जागा असते.

आता सीनियर. तू लिहिलं नाहीस की त्याने काय केलं. कदाचित काहीच नसेल, पण कदाचित सगळी पद्धत त्याने आधी दोन वर्षं घालून बसवलेली असेल आणि तू तयार सेटअपवर काम केलं असशील. हे तुलाच माहीत, आणि गाइडकडे जायच्या आधी स्वतःशी प्रामाणिकपणे लिहून काढ, कारण तिथे पहिला प्रश्न हाच येणार आहे.

आणि गाइडचं काय? यावर एक जुनं प्रकरण आहे, सगळे अर्धंच सांगतात. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल नावाची पीएचडीची विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीचे कागदी चार्ट डोळ्यांनी तपासायची. शेकडो फूट कागद, आणि त्यात मधेच अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरची एक विचित्र खूण, जी ना ताऱ्याची वाटत होती ना माणसाने केलेल्या गडबडीची. तिने ती सोडून दिली नाही, मागचे चार्ट काढून बघितले तर आकाशात त्याच जागी पुन्हा तीच खूण. त्यातून पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरी पाठवणारे तारे, सापडले. १९६८च्या पेपरवर गाइड अँटनी ह्यूइश यांचं नाव पहिलं, तिचं दुसरं. १९७४चं नोबेल ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं हे की १९७७मध्ये तिनेच सांगितलं, प्रकल्प जमला किंवा फसला तर शेवटची जबाबदारी गाइडची असते, आणि अगदी अपवाद सोडला तर विद्यार्थ्यांना नोबेल देऊ नये, माझी केस तसला अपवाद आहे असं मला वाटत नाही. २०१८मध्ये तिला ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, ते तिने सगळंच्या सगळं पीएचडीच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकलं.

तिचा मोठेपणा मान्य, पण तिचं म्हणणं मला अर्धंच पटतं. फसल्यावर गाइड पुढे येणार असेल तर जमल्यावर त्याचं नाव ठळक असायला माझी ना नाही. प्रश्न असा की फसल्यावर किती गाइड पुढे येतात? येणारे आहेत, नाही असं नाही. २०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी जानेवारी २०२०मध्ये स्वतः जाहीर केलं की आमचा मागच्या वर्षीचा पेपर मागे घेतोय, निकाल पुन्हा मिळत नाहीयेत. पहिल्या लेखकाच्या प्रयोगवहीत मुख्य प्रयोगांच्या नोंदी आणि मूळ डेटा नव्हता, म्हणजे त्या लेखकावर ढकलायला आयतं निमित्त होतं. त्यांनी लिहिलं की पेपर पाठवला तेव्हा मी जरा गडबडीत होते आणि माझं काम मी नीट केलं नाही. तुझे गाइड असं लिहितील का? लिहितील असं वाटत असेल तर निम्मं भांडण संपलं.

करायचं काय ते सांगते. तक्रार घेऊन जाऊ नकोस, कागद घेऊन जा. बऱ्याच नियतकालिकांत आता कुणी काय केलं हे १४ ठरलेल्या भूमिकांत लिहून द्यावं लागतं : कल्पना, पद्धत, प्रयोग, विश्लेषण, पहिला मसुदा, निधी, देखरेख वगैरे. तो तक्ता तू भरून ने आणि म्हण, "सर, सबमिशनला हे लागणारच आहे, मी माझ्या आठवणीप्रमाणे भरलंय, चुकलं असेल तर सांगा." कुणाच्या नावापुढे काय आहे आणि काय नाही हे तिथे आपोआप दिसतं, तुला आवाज चढवावा लागत नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी एक साधी मेल टाक, "आज ठरलं त्याप्रमाणे..." अशी. प्रयोगवहीत तारखा घालतेस ना? नसशील तर आजपासून घाल, मागच्या तारखा मात्र मागाहून घालू नकोस, ते उलटतं.

एवढं करूनही ऐकलं नाही तर? संपादकाकडे धाव घेऊन फारसं काही होत नाही, लेखकांच्या भांडणात न्यायाधीश व्हायचं ते टाळतात आणि प्रकरण संस्थेकडे परत पाठवतात. संस्थेच्या समितीकडे जाता येतं. पण पीएचडी हातात नसताना जायचं की नंतर, हा हिशोब तुझा, आणि जिला परिणाम भोगायचे नाहीत तिने लांबून शौर्य शिकवू नये, म्हणून मी शिकवत नाही.

प्रश्न : नमस्कार. मी मेंटेनन्समध्ये आहे, आयुष्य याच प्लँटमध्ये गेलं. एक जुनं मशीन आहे ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, रात्री दोनलासुद्धा फोन येतो. आता एचआरने सांगितलंय एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची पद्धत, लिहून द्या आणि दोन नवीन पोरांना तयार करा. घरचे म्हणतात, लिहून दिलंत की दुसऱ्या दिवशी नारळ. सगळं सांगू का थोडं हातचं राखू?

घरच्यांची भीती खुळी नाही. असं होतं, लोकांबरोबर झालेलं आहे, आणि "विद्या दिल्याने वाढते" हे तुम्हाला ऐकवणाऱ्या माणसाची नोकरी बहुतेक वेळा पक्की असते.

तरीपण हातचं राखून काय होतं त्याचं एक टोकाचं उदाहरण सांगते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चेंबरलेन नावाचं डॉक्टर-सुईणपण करणारं घराणं होतं. अडलेल्या बाळंतिणीचं मूल चिमट्याने बाहेर काढायची युक्ती त्यांना सापडली. ती त्यांनी शंभराहून जास्त वर्षं घरातच ठेवली. अवजार मोठ्या पेटीत झाकून न्यायचे, बाळंतिणीचे डोळे बांधायचे असंही सांगतात. एकाने १६७०मध्ये पॅरिसला जाऊन ते गुपित विकायचा प्रयत्न केला, तिथल्या डॉक्टरने नेमकी अत्यंत अवघड केस दिली, ती साधली नाही, सौदा मोडला. शेवटी १८१३मध्ये त्यांच्या जुन्या घराच्या लाकडी जमिनीखाली ते चिमटे सापडले. घराण्याने पैसा केला, नाव केलं, आणि त्या शंभर वर्षांत बाकीच्या अडलेल्या बायकांचं काय झालं ते कुणी मोजलेलं नाही.

तुमचं मशीन म्हणजे बाळंतीण नव्हे हे मला कळतं. पण रात्री दोनचा फोन ही त्याच गुपिताची किंमत आहे, ती तुम्ही भरताय. सुट्टी नाही, आणि वरची जागा निघाली तरी साहेब म्हणणार यांना हलवलं तर मशीन कोण बघणार.

आता ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते तिच्याबद्दल जरा दिलासा. सगळं लिहून देता येतच नाही. मायकेल पोलान्यी नावाचा रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञ झाला, त्याचं म्हणणं असं होतं की माणसाला जे सांगता येतं त्यापेक्षा जास्त कळत असतं. १९७०च्या दशकात हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या लॅब बघितल्या, तिथले लोक एक नव्या प्रकारचा लेझर बांधायला बघत होते. पेपर छापलेले होते, आकृत्या होत्या, माणसं हुशार. पण नुसत्या कागदावरून एकालाही तो चालवता आला नाही. ज्यांनी आधी चालवलाय त्यांच्याकडे जाणंयेणं, फोनवर बोलणं होतं त्यांनाच जमलं. एका वायरची लांबी किती ठेवायची यावर सगळं अडत होतं आणि ती लांबी महत्त्वाची आहे हे सुरुवातीला ज्यांना जमलं त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांची आपसूक बरोबर आलेली.

तुमच्या एसओपीत "बेअरिंगचा आवाज बदलल्यास मशीन थांबवावे" असं वाक्य येणार. कुठला आवाज? तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून दांडा कानाला लावत असाल, आणि ग्रीस कमी पडल्याची कोरडी चरचर वेगळी आणि गोळी खराब झाल्यावर फेऱ्याफेऱ्याला येणारी टकटक वेगळी हे तुम्हाला त्यातून कळतं. हे पोरांना कागदावरून येणार नाही, त्यांच्या कानाला तो दांडा लावावा लागेल, आणि चांगलं बेअरिंग ऐकवावं लागेल आधी, नाहीतर खराब कशाला म्हणायचं तेच कळणार नाही. म्हणजे एसओपी दिली तरी महिनोन्महिने तुम्ही लागणार आहात.

हेच साहेबांना सांगा, आणि मोकळेपणाने पण मोबदला मागून सांगा. एसओपीवर "तयार करणारा" म्हणून तुमचं नाव आणि पुढच्या सुधारणाही तुमच्याकडूनच होतील असं लिहून घ्या. शिकवण्याचा वेळ ड्युटीत धरला पाहिजे, उरलेल्या वेळात नको. पदाला काहीतरी ट्रेनरचं नाव जोडून मिळतंय का बघा, पगारात नाही मिळालं तरी पुढे बायोडेटात कामाला येतं. आणि सगळं एका झटक्यात देऊ नका, हे कपट म्हणून नाही तर पोरांच्या डोक्यातही एका वेळी एवढं मावत नाही म्हणून.

थोडं खोटं मिसळू का, असं तुम्ही पत्रात खाली लिहिलंय. नको. चुकीच्या आकड्याने पोराचा हात सापडला तर एसओपीवर नाव तुमचं असणार आहे.

प्रश्न : मीटिंगच्या आधी कॉफी घेताना मी कलीगला आयडिया सांगितली, त्याने मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून मांडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता काय करू?

कॉपीराइट नुसत्या कल्पनेला नसतोच, ती कशी मांडली त्याला असतो, तेव्हा कायदा विसरा. आत्ता टाळ्या गेल्या त्या गेल्या. पण कल्पना मांडणं हे दहा टक्के काम असतं (हा आकडा माझा, कुणी मोजलेला नाही). उद्या सकाळी सगळ्यांना मेल टाका की काल जी कल्पना आली, त्याबद्दल आम्ही आधी बोललो होतो, तिचा पुढचा आराखडा असा असा, यात या तीन अडचणी येतील. त्याला अडचणी माहीत नसतील कारण त्याने विचारच केलेला नाही. प्रश्न येतील ते तुमच्याकडे वळतील. आणि पुढच्या वेळी कॉफी घेताना हवापाण्याच्या गप्पा मारा.

प्रश्न : नोकरी सोडतोय. पाच-सहा वर्षांत बनवलेल्या एक्सेल शीट्स, टेम्प्लेट्स, काही कोड आहे. सगळं मीच रात्री बसून केलेलं. नेलं तर चोरी होते का?

हो, बहुधा. बहुतेक देशांत नोकरीचं काम म्हणून जे बनवलं ते कंपनीचं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. रात्री बसून केलं याने फरक पडत नाही, लॅपटॉप कुणाचा, डेटा कुणाचा, काम कुणासाठी हे बघतात. ग्राहकांची यादी तर हातच लावू नका. आणि शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या जीमेलवर फायली पाठवायचा मोह सगळ्यांना होतो, आयटीवाले नेमका तोच आठवडा बघतात.

डोक्यातलं मात्र तुमचं. ती शीट कशी विचार करून बनवली ते तुम्हाला येतंय ना, मग नवीन जागी कोऱ्या पानावरून पुन्हा बनवा, दुसऱ्यांदा चांगलीच होते.

याबाबत विल्यम गॉसेट हा माणूस मला फार आवडतो. १८९९मध्ये डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत लागला. बीअरला लागणाऱ्या बार्ली, हॉप्स यांचे थोडेसेच नमुने हातात असताना निष्कर्ष किती भरवशाचा धरायचा हा त्याचा रोजचा प्रश्न, त्यातून त्याने एक पद्धत शोधली. कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने काही छापू देत नव्हती, धंद्यातलं बाहेर फुटेल म्हणून. शेवटी १९०८मध्ये पेपर छापला तो 'स्टुडंट' या टोपणनावाने. आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात स्टुडंट्स टी-टेस्ट शिकवतात आणि निम्म्या पोरांना वाटतं ती विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली टेस्ट आहे! कंपनीकडे तिची बीअर राहिली, गणित सगळ्यांचं झालं, नाव तेवढं त्याचं लागलं नाही. हा सौदा न्याय्य होता असं मी म्हणत नाही, पण कंपनीचं कुठलं आणि विद्येचं कुठलं ही रेघ त्याने नेमकी ओढली होती. तुमची रेघ ओढायची तर सोडण्याआधी साहेबांना सरळ विचारा की ही जनरल टेम्प्लेट्स, ज्यात कंपनीचा काही डेटा नाही, ती नेली तर चालेल का. हो म्हणाले तर मेलवर घ्या. पुष्कळदा हो म्हणतात.

प्रश्न : मी क्वालिटीमध्ये आहे. एका बॅचच्या टेस्टचे आकडे लिमिटच्या बाहेर आलेत. साहेब म्हणतात रिपोर्ट पास करून सही कर, माल अडलाय, पुढच्या बॅचला बघू, जबाबदारी माझी. साहेब वाईट नाहीत, मला त्यांनीच वर आणलं. सही करू का?

जबाबदारी त्यांची असेल तर सही पण त्यांचीच असू दे. हे उद्धटपणे बोलायची गरज नाही, पण मनात हे वाक्य पक्कं ठेवा.

२७ जानेवारी १९८६ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर अवकाशयान उडणार होतं. त्याचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं, थंडी फार आहे, सांध्यातल्या रबरी रिंगा कडक होतील, उडवू नका. रॉजर बोइजोली या इंजिनिअरने तर आदल्या जुलैमध्येच लेखी कळवलं होतं की हे असंच राहिलं तर माणसं जातील. नासाकडून दबाव आला, कंपनीच्या मॅनेजरांनी फोन बाजूला ठेवून आपापसात चर्चा केली, त्यातल्या एकाला वरिष्ठाने सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. निर्णय फिरला. पण उड्डाणाच्या जागी कंपनीचा जो माणूस हजर होता, ॲलन मॅकडोनाल्ड, त्याने शिफारशीवर सही करायला नकार दिला. सही त्याच्या वरच्याने दूरच्या ऑफिसातून फॅक्स केली. सकाळी यान उडालं आणि ७३व्या सेकंदाला फुटलं, सात जण गेले.

पुढचंही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गुळगुळीत होते. मॅकडोनाल्डने चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं आणि कंपनीने त्याला खालच्या कामावर टाकलं. अमेरिकी संसदेतल्या लोकांनी दम दिल्यावर त्याला परत घेतलं, आणि मग तोच सांधा नव्याने बनवायचं काम त्याच्याकडे दिलं. बोइजोली मात्र त्या नोकरीत राहू शकला नाही. म्हणजे सही न करण्याची किंमत असते, ती नाही असं सांगणारा तुमची फसवणूक करतोय.

तुमच्याकडे मात्र एक वाट आहे जी बऱ्याचदा आरडाओरडीत विसरली जाते. बऱ्याच धंद्यांत लिमिटच्या बाहेरचा माल कायदेशीरपणे जाऊ शकतो, त्यासाठी डेव्हिएशन किंवा कन्सेशन नावाची लेखी सूट असते. खरे आकडे लिहायचे, किती बाहेर आहे, वापरात काय फरक पडेल हे मांडायचं, आणि ज्याला अधिकार आहे त्याने, गरज असेल तर ग्राहकाने, सही करून स्वीकारायचं. साहेबांना म्हणा, "सर, मी रिपोर्ट खऱ्या आकड्यांनी करतो, सोबत डेव्हिएशन नोट बनवून देतो, तुम्ही सही करा, माल आजच निघेल." साहेब खरंच जबाबदारी घेणारे असतील तर तिथे सही करतील. आधी त्याच नमुन्याची फेरतपासणी करा आणि उपकरणाचं कॅलिब्रेशन कधी झालं ते बघा, कधी कधी आकडाच चुकीचा निघतो आणि सगळ्यांची सुटका होते. फक्त पास येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचं आणि आधीचे आकडे फाडायचे हा उद्योग करू नका.

त्यांनी तुम्हाला वर आणलं हे ऋण आहे, मानते. ते फेडायला दुसऱ्या शंभर जागा मिळतील.

प्रश्न : ऑफिसचा रिपोर्ट निम्म्याहून जास्त एआयकडून लिहून घेतला. सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. तेव्हापासून कसंतरी वाटतंय. हा रिपोर्ट माझा म्हणायचा का?

एक करून बघा. फाइल बंद करा आणि मैत्रिणीला सांगा की त्यातला कुठलाही आकडा विचार. तो कुठून आला, का घेतला, चुकला तर निष्कर्ष किती हलतो, हे न बघता सांगता आलं तर रिपोर्ट तुमचा, टाइप कुणीही केलेला असो. नाही सांगता आलं तर कौतुक उधारीवर घेतलंय, प्रश्न विचारला जायच्या आत बसून फेडून टाका.

२०२२च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि थोड्याच दिवसांत काही पेपरांवर त्याचं नाव लेखक म्हणून झळकलं. नियतकालिकांनी २०२३मध्ये पटापट नियम केले की हे चालणार नाही, आणि कारण काय दिलं तर ते लेखनाची जबाबदारी घेऊ शकत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले. न्यायाधीशांनी ५००० डॉलर दंड केला तो वकिलांना आणि त्यांच्या फर्मला. सॉफ्टवेअरला कोण दंड करणार?

लपवू मात्र नका. "मसुद्याला एआय वापरलं, आकडे मी तपासले" हे एक वाक्य साहेबांच्या कानावर घाला, हल्ली पुष्कळ जण वापरतात आणि सगळे एकमेकांपासून लपवतात, गंमतच आहे. आणि कंपनीची गोपनीय माहिती त्यात टाकली असेल तर त्याचा विचार कौतुकापेक्षा आधी करा.

प्रश्न : ताई, आम्ही तिघा मित्रांनी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एक स्वस्त उपकरण बनवलं. सर म्हणतात पेटंट घ्या. माझा मित्र म्हणतो पेटंट म्हणजे लोभ, सगळं ओपन टाकू, त्याने व्हिडिओ पण शूट केलाय. कोण बरोबर?

मित्राचं मन चांगलं आहे पण पेटंट म्हणजे लोभच असं काही नाही. इन्सुलिन सापडलं तेव्हा फ्रेडरिक बँटिंग पेटंटवर स्वतःचं नाव घालायला आधी तयारच नव्हता, डॉक्टरने असं करणं बरं नव्हे म्हणून. आधी त्याचे सहकारी चार्ल्स बेस्ट आणि जेम्स कॉलिप यांचीच नावं होती, पुढे अमेरिकी पेटंटवर त्याचंही घालावं लागलं, आणि १९२३मध्ये तिघांनी ते टोरांटो विद्यापीठाला दिलं, प्रत्येकी एक डॉलर घेऊन. मग पेटंट घेतलंच कशाला? कारण दुसऱ्या कुणी घेऊन सगळ्यांची वाट अडवू नये, आणि भेसळ किंवा कच्चं औषध विकणाऱ्याला रोखायचा हक्क कुणाकडे तरी असावा. ताबा घेतला तो राखण करायला. दुसरीकडे, सर्न या प्रयोगशाळेने ३० एप्रिल १९९३ला वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि ते तसं केलं नसतं तर ते एवढं पसरलं नसतं असं मला वाटतं. दोन्ही रस्ते बरोबर असू शकतात, तुमचं उपकरण चुकीचं बनवलं तर कुणाला इजा होईल का, हे बघून ठरवा. इजा होण्यासारखं असेल तर कुणाचा तरी हात त्यावर असलेला बरा.

पण ठरवण्याआधी दोन गोष्टी. कॉलेजच्या लॅबमध्ये, कॉलेजच्या सामानाने बनवलं असेल तर त्यात कॉलेजचा हिस्सा असू शकतो, बौद्धिक संपदेचा नियम कॉलेजकडे असेल तर तो मागून वाचा, नसेल तर सरांकडून लेखी विचारा. तिघांत कुणाचं काय हेही आत्ताच कागदावर घ्या, मैत्री चांगली आहे तोवर. आणि दुसरी गोष्ट तातडीची : बहुतेक देशांत अर्ज करण्याआधी शोध जगजाहीर झाला की त्यात नवं काही उरलं नाही असं धरतात आणि पेटंट मिळत नाही. काही ठिकाणी, जसं अमेरिकेत, वर्षभराची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. ओपन टाकायचं ठरलं तर उद्याही टाकता येईल, एकदा टाकलेलं परत घेता येत नाही. तेव्हा तिघं मिळून ठरवेपर्यंत तो व्हिडिओ अपलोड करू नका, आणि मित्राने ऑलरेडी कुठल्या ग्रुपवर टाकलाय का ते आजच विचारा.